पडलेल्या पक्षाचा माणूस

पंचायत समितीचा निकाल मोहरवाडीत पोहोचला तेव्हा दुपार कलायला लागली होती आणि गावातल्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. निवडून आलेल्या मच्छिंद्रचा माणूस गोरक्ष ट्रक घेऊन आला. त्याचं तोंड गुलालाने इतकं माखलं होतं की आधी कुणी त्याला ओळखलंच नाही. ट्रकच्या टपावर उभं राहून त्याने सांगितलं की सभापती आप्पासाहेब पडले, आणि नुसते तेच नाही, तालुक्यात राज्य करणाऱ्या पक्षाच्या निम्म्याहून जास्त जागा गेल्या.

बायांनी हातोडे खाली टाकले. मुकादम स्वतःच ट्रकजवळ गेला आणि त्याने कपाळाला गुलाल लावून घेतला. बहात्तर सालचा तो उन्हाळा होता. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि दुष्काळी कामावरची मजुरी कधी वेळेवर येत नव्हती. आली तरी मापात काटछाट होऊन येत होती. एवढ्या दिवसांत लोकांच्या मनासारखं घडलेलं हे पहिलंच काही होतं.

लंकाबाई मात्र दगडांच्या ढिगाऱ्यापाशी बसूनच राहिली. तिची लेक चांगुणा याच ढिगाऱ्यापाशी चैत्रात ऊन लागून गेली होती. त्या दिवशी कामावर पिण्याचं पाणी नव्हतं. टँकर यायचा होता, तो आला नाही. बैलगाडीत घालून तिला डांबरी सडकेपर्यंत नेलं, तिथून पुढं न्यायची वेळच आली नाही. लगीन होऊन वर्ष झालेलं, माहेरी चार पैसे मिळतील म्हणून ती कामावर आली होती.

टँकर का आला नाही, हे गावाला पुंजारामने सांगितलं होतं. पुंजाराम हा आप्पासाहेबांच्या पक्षाचा मोहरवाडीतला माणूस. दोन एकर जिराईत, पांढरी टोपी, पन्नाशी उलटलेली. तरुणपणी गोऱ्यांच्या राज्यात त्याने येरवड्याला चार महिने काढले होते. तेव्हापासून पक्ष म्हणजे त्याच्या घरचं माणूस झाला होता. पक्षाकडून त्याने स्वतःसाठी कधी काही घेतलं नाही. रस्त्याचं काम गावाला मिळावं म्हणून आप्पासाहेबांच्या बंगल्याच्या पायऱ्या झिजवल्या त्यानेच. कामही त्याच्यामुळेच मिळालं, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत.

पण टँकर बिघडला होता असं त्याने सांगितलं, ते खोटं होतं. टँकर आप्पासाहेबांच्या मोसंबीच्या बागेत उभा होता आणि पुंजारामने तो डोळ्यांनी पाहिला होता. बाग जळत होती. आप्पासाहेब त्याला म्हणाले होते की उद्यापासून टँकर तुमच्याकडेच येईल, आजचा दिवस सांभाळून घ्या. पुंजारामने तो दिवस सांभाळून घेतला. त्याच दिवशी चांगुणा गेली.

त्यानंतर तो लंकाबाईच्या दारात गेला. आप्पासाहेब भेटायला येतील, सरकारकडून मदत मिळेल, हे मी शब्द देऊन सांगतो, असं म्हणाला. आप्पासाहेब आले नाहीत, मदतही आली नाही. मग निवडणूक लागली, तेव्हा पुंजाराम पुन्हा तिच्या दारात उभा राहिला, मत मागायला. लंकाबाईने त्याला बसायला सांगितलं नाही. तोही उभ्यानेच बोलून निघून गेला.

मच्छिंद्र हा खरं तर आप्पासाहेबांच्याच हाताखाली वाढलेला. या खेपेला त्याला तिकीट मिळालं नाही म्हणून तो अपक्ष उभा राहिला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याची भाषणं ऐकली की ते विसरायला व्हायचं. बागेतल्या टँकरची गोष्ट त्यानेच फोडली. प्रत्येक सभेत तो चांगुणाचं नाव घ्यायचा. ही माझी बहीण होती, म्हणायचा, आणि डोळ्यांना उपरणं लावायचा. ज्या गावांनी चांगुणाला कधी पाहिलं नव्हतं तिथल्या बायाही पदर तोंडाला लावायच्या. लंकाबाईने त्याच्या सभा ऐकल्या नाहीत, पण कामावरच्या बायांना तिनेच सांगितलं की कुणी त्या पक्षाला मत द्यायचं नाही. तिला ते दोनदा सांगावं लागलं नाही.

निकाल कळला तेव्हा पुंजाराम घरी होता. त्याच्या बायकोने, बायडाबाईने, गलका ऐकून त्याला परसातल्या वाटेनं तिच्या भावाच्या वस्तीवर जायला सांगितलं. लोक चार दिवसांत निवळतील, मग या, म्हणाली. त्याने ऐकलं नाही. धुतलेली टोपी घातली आणि ओट्यावर येऊन बसला. तो का बसला हे बायडाबाईला नंतरही कळलं नाही. लपून बसलो असतो तर गाव म्हणालं असतं पक्ष पळाला, असं त्याच्या मनात असावं. पक्षाचा दुसरा कुणी गावात नव्हताच.

लोक आले. आधी नुसते ओट्यासमोर नाचले. कुणीतरी विचारलं, बापू, टँकर दुरुस्त झाला का? सगळे हसले. मग पुंजारामची टोपी उडवली गेली. जुन्या वहाणा सुतळीत ओवून गोरक्षने माळ केली होती, ती त्याच्या गळ्यात पडली. त्याला ओट्यावरून खाली ओढलं. माळ घालणाऱ्यांत अशीही माणसं होती ज्यांच्या पोरांच्या दाखल्यांसाठी पुंजाराम तालुक्याला हेलपाटे घालून आला होता. बायडाबाई दाराची चौकट धरून उभी होती, एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होती. नाव ऐकलेला माणूस मागे सरायचा आणि त्याच्या जागी दुसरा यायचा.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की पहिला मान लंकामावशीचा आहे. तिला कामावरून बोलावून आणलं होतं. लोक बाजूला झाले. लंकाबाई पुंजारामसमोर उभी राहिली. तिला वाटलं होतं की हा माणूस हात जोडेल, काहीतरी बोलेल. तो नुसता तिच्याकडे बघत होता. तिने पायातली वहाण काढली आणि त्याच्या गालावर मारली. एकदाच. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मग ती वहाण खाली ठेवून तिच्यात पाय घालायला लागली, तर पाय नीट जाईना.

एवढ्यावर लोकांचं समाधान झालं नाही. ट्रक होताच. तालुक्याला जायचं, आप्पासाहेबाच्या दारात शिमगा करायचा, असं ठरलं. पुंजारामला माळेसकट ट्रकमध्ये चढवलं. लंकाबाईलाही बायांनी हाताला धरून वर घेतलं. वाटेतल्या वाड्यांमधून माणसं चढत गेली. ज्या आप्पासाहेबांच्या जीपला रस्ता द्यायला हीच माणसं काट्याकुट्यात उतरायची, त्यांच्या नावाने आता जोरजोरात बोंबा चालल्या होत्या. एक म्हातारा रडत होता. असा दिवस बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणत होता.

बंगल्यासमोर ट्रक थांबला तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटक उघडंच होतं. आत मच्छिंद्रची जीप उभी होती, हार घातलेली. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर आप्पासाहेब बसले होते, दुसरीवर मच्छिंद्र. दोघांच्या कपाळाला गुलाल होता.

बोंबा एकदम थांबल्या नाहीत. पुढच्यांनी तोंडं मिटली तरी मागचे थोडा वेळ ओरडत राहिले. मच्छिंद्र उठून पायरीवर आला. त्याने हात जोडले आणि सांगितलं की निवडणूक संपली, वैर संपलं. आप्पासाहेब आपल्या वडलांच्या ठिकाणी आहेत, मी त्यांचा आशीर्वाद घ्यायला आलोय, तुम्हीही घ्या आणि सावकाश घरी जा. आतून चहाच्या किटल्या आल्या. आप्पासाहेब हसतमुखाने लोकांमध्ये उतरले. पडलेल्या माणसासारखं त्यांच्यात काहीच दिसत नव्हतं. ते एकेकाला नावाने विचारत होते, घरचं कसं आहे, जनावरं जगली का. आणि लोक उत्तरं देत होते. कुणी डोक्याचं मुंडासंही काढलं.

पुंजाराम ट्रकमधून उतरला तेव्हा आप्पासाहेबांचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

“अरे पुंजाराम,” ते म्हणाले, “हे काय करून घेतलंस?”

त्यांनी गोरक्षला माळ काढायला सांगितली. ज्याने माळ ओवली त्यानेच ती काढली आणि कुंपणापलीकडे फेकली. मग आप्पासाहेबांनी स्वतःच्या हाताने कपबशी पुंजारामपुढे धरली. त्याचा गाल सुजला होता. त्याने कपबशी घेतली आणि चहा पिऊन टाकला.

मच्छिंद्र बायांकडे आला. लंकाबाई कप घेत नव्हती. तो म्हणाला, “घ्या बाई, लाजू नका. कोणत्या गावच्या तुम्ही?”

“मोहरवाडीची,” लंकाबाई म्हणाली. “चांगुणाची आई.”

मच्छिंद्रने तिच्या पायाला हात लावला आणि लगेच, फाटकातून कुणीतरी हाक मारली म्हणून, तिकडे गेला. लंकाबाई तिथून निघाली. ट्रकची वाट न बघता ती सडकेने चालायला लागली. मोहरवाडीच्या बाया चहा संपवून ट्रकमध्ये चढल्या आणि वाटेत त्यांनी तिला वर घेतलं. येताना कुणी ओरडलं नाही. पुंजाराम ट्रकमध्ये नव्हता. तो केव्हा आणि कसा घरी आला ते बायडाबाईलाच ठाऊक.

पुढं जे झालं ते तालुक्यात कुणाला नवल वाटावं असं नव्हतं. मच्छिंद्र आप्पासाहेबांच्या निवडून आलेल्या माणसांच्या मतांवर सभापती झाला आणि आषाढ संपायच्या आत त्याच पक्षात गेला. ज्या पक्षाला लोकांनी पाडलं तो पक्ष आपल्या जागेवर बसलेलाच राहिला. टँकर यायला लागला, पण मोहरवाडीचं रस्त्याचं काम बंद पडलं, कारण काम दुसऱ्या गावाला द्यायचं ठरलं होतं. गावातली माणसं म्हणायला लागली की पुंजारामबापू पक्षाचं काम बघत असते तर त्यांनी खटपट केली असती. काहीजण त्याला सांगायलाही आले. तो ओट्यावर बसलेला असायचा, ऐकून घ्यायचा. मच्छिंद्रनेही निरोप धाडला होता की जुनं विसरून जावं, पक्षाचं काम तुम्हीच बघावं. निरोप घेऊन गोरक्ष आला होता. बायडाबाईने त्याला ओट्यावर चढू दिलं नाही.

पाऊस त्या वर्षीही आला नाही. दसऱ्यानंतर गावच्या टोळ्या श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला निघाल्या. जन्मात कधी कोयता न धरलेला पुंजाराम बायडाबाईला घेऊन टोळीबरोबर निघाला. कुणी त्याला येऊ नका म्हटलं नाही आणि या असंही म्हटलं नाही. लंकाबाई तिच्या भावाच्या कुटुंबाबरोबर त्याच टोळीत होती.

उसाच्या फडात बरेच दिवस ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. पुंजारामचे हात सोलून निघाले होते, तो मागे पडायचा, बायडाबाई त्याच्या वाट्याची उसाची पात पुरी करायची. एका दुपारी बायडाबाई पाणी आणायला गेली होती. तो पाचटावर बसून भाकरी खात होता. लंकाबाई थोड्या अंतरावर बैलांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत होती. बांधता बांधता, वर न बघता, ती बोलली.

“मारल्याचं मला वाईट वाटत न्हाई, बापू.”

“वाटू नये,” तो म्हणाला. “शब्द म्या दिल्ता. खोटंबी मीच बोललो.”

“वाईट याचं वाटतं, का मी तुमाला मारलं आन् त्या दोघांपुढं नुसती हुबी ऱ्हायले. वहाण पायात हुती की माज्या.”

पुंजारामने भाकरी फडक्यात ठेवली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण बरेच दिवस कुणाला काही सांगायची सवय राहिली नव्हती. आपण टँकर पाहिला त्या दिवशी आप्पासाहेबांच्या बागेत आपल्यालाही मोठ्याने बोलता आलं असतं, असं तो अडखळत म्हणाला. तिथं दुसरं कुणी नव्हतं, फक्त माळी होता. तरी तोंड उघडलं नाही.

“सारं गाव चहा पिलं,” लंकाबाई म्हणाली.

“व्हय.”

“तुमीबी पिलात. गळ्यातली माळ काढून घेतली आन् त्येच्याच हातचा पिलात.”

“व्हय, पिलो,” पुंजाराम म्हणाला. “ग्वाड हुता.”

लंकाबाईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, हे त्याला कळलं नाही. तिने वाढ्याचा भारा आवळला, गुडघा देऊन गाठ मारली आणि तो डोक्यावर घेऊन ती बैलांच्या बाजूला निघून गेली. टोळीच्या मुकादमाने गाड्या भरायला हाक दिली. पुंजाराम हाताचा आधार घेत उठला आणि उसाच्या मोळ्यांकडे गेला.