मागच्या खोलीतली झोप

बावीस वर्षं मी कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. समोरच्या बाईला पिवळा रंग शोभतो की नाही हे ती दुकानाची पायरी चढतानाच मला कळतं, आणि शोभत नसला तरी मी तिला पिवळं विकू शकते. म्हणून घर विकायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला सांगून टाकलं, ‘‘तुम्ही फक्त कागद सांभाळा. बोलायचं काम माझं.’’

विकायचं कारण म्हणजे आई, माझ्या सासूबाई. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अकरा महिन्यांपूर्वी आईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. सपाटीवर त्या काठी टेकत ठणठणीत चालायच्या, पण जिना म्हटला की संपलं. तेव्हापासून दोनदाच खाली गेल्या, तेही खुर्चीत बसून, दवाखान्यात. एके काळी रोज अख्खा बाजार पालथा घालणारी ही बाई आता खिडकीत बसून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना गाड्या नीट लावायला सांगायची. ते ऐकून हसू यायचं, आणि मग हसल्याची लाज वाटायची.

दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरचं एक घर विकाऊ होतं. त्याचे मालक, एक निवृत्त मास्तर, भला माणूस. म्हणाले, ‘‘महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढे मात्र नाही हं.’’ आमचं विकल्याशिवाय ते घेणं शक्य नव्हतं. हातात अठ्ठावीस दिवस होते.

आम्ही कामाला लागलो. घर विकण्याची ही आमची पहिलीच वेळ, त्यामुळे उत्साह नको तेवढा. भिंतींना पांढरा रंग दिला, खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्रानं घासल्या, निम्मं सामान नणंदेकडे पाठवलं. नवरा शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो, त्याला चिठ्ठ्या चिकटवायची खोड आहे. त्यानं सगळ्या कागदांची फाइल केली आणि प्रत्येक कागदावर नंबर टाकला. ‘‘बाथरूमच्या नळावर पण चिठ्ठी लावतो,’’ तो म्हणाला, ‘‘उलटा फिरवल्याशिवाय गरम पाणी येत नाही म्हणून.’’

‘‘लावून तर बघा,’’ मी म्हटलं.

पहिल्या अठरा दिवसांत नऊ जण येऊन गेले. एकानं फक्त कपाट मावेल का ते मोजलं आणि कपाट मावत नाही म्हणून घर सोडलं. एक जोडपं आमच्या बैठकीत उभं राहून तासभर आपसांत भांडलं. एकाला सगळं आवडलं, पण जिना उतरताना त्याला तो जिना आहे हे आठवलं. दर वेळी मी नव्या दमानं दार उघडायची, आणि दर वेळी आई आतून विचारायच्या, ‘‘गेले का?’’

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला एक बाई आल्या. एकट्याच, पन्नाशीच्या, कोपराला पीठ लागलेलं. पलीकडच्या चौकातल्या बेकरीत पहाटे तीनपासून पाव भाजायचं काम त्यांचं. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, खिडकी उघडली, ऊन कुठवर येतं ते विचारलं. मग मागच्या खोलीत जाऊन थांबल्या.

‘‘मी दिवसा झोपते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथे जरा अर्धा तास पडून बघू का? आवाज किती येतो ते कळेल.’’

असं मागणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण चटकन गादी टाकली, पडदा ओढला, दार लोटलं. आणि आमची तारांबळ सुरू झाली! नवऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली दडपलं. मी फोन बंद केले. वरच्या मजल्यावरचा माणूस कधीही भिंतीत भोक पाडायला घेतो, म्हणून नवरा धावत वर गेला आणि त्याच्याशी क्रिकेटवर गप्पा मारत बसला. त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. आईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर धरला, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज म्हणून काढला नाही. मी दाराला कान लावला.

आतून घोरण्याचा आवाज येत होता.

आईंनी खुणेनं विचारलं, काय? मी दोन्ही हात गालाखाली घेऊन दाखवलं. आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींचे हात धरून बैठकीत मुक्यानं नाचलो. म्हणजे मी नाचले, त्या काठीवर डोलल्या. बाई सव्वा तास झोपल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर उशीच्या घड्या उमटल्या होत्या.

‘‘विचार करते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन दिवसांत कळवते.’’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुकानात ‘विचार करते’ म्हणणारी बाई पायरी उतरली की परत येत नाही. तिला थांबवायचा एकच उपाय आम्हाला शिकवलेला आहे: हा शेवटचा तागा, एकीनं बाजूला ठेवायला सांगितलाय. बावीस वर्षांची जीभ, ती आपोआप वळली.

‘‘जरा लवकर कळवा हं. सकाळीच एक कुटुंब बघून गेलंय. त्यांच्या मनात भरलंय, उद्याच टोकन देणार म्हणतायत.’’

दुकानात हे ऐकल्यावर बायका पर्स उघडतात. या बाईंचा चेहराच पडला.

‘‘असं का? मग नको. माझं ठरत आलेलं घर असंच एकानं मधे येऊन नेलं होतं. मी कुणाच्या मधे नाही येणार.’’ आणि त्या गेल्यासुद्धा.

आईंनी सगळं ऐकलं होतं. ‘‘सकाळी कोण आलं होतं गं?’’

‘‘कुणी नाही.’’

‘‘मग जा की तिच्यामागे!’’

मी जिना उतरून रस्त्यावर पोचेपर्यंत त्या बसमध्ये चढल्या होत्या. फोन केला तर बंद, कारण झोपायची वेळ. संध्याकाळी केला तरी बंदच. रागानं मी स्वतःशीच भांडत होते. नवरा फाइलमधले नंबर पुन्हा तपासत बसला आणि त्याचाच मला जास्त राग आला. आई जेवताना म्हणाल्या, ‘‘जाऊ दे. खिडकीतून सगळं दिसतं मला.’’

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बेकरीच्या मागच्या दाराशी हजर. आत भट्टीची धग. बाई लांब दांड्याच्या फळीनं पाव बाहेर ओढत होत्या. मी काही विचार न करता बोलून टाकलं, ‘‘ते कुटुंब खोटं होतं. कुणीही आलं नव्हतं. मी थाप मारली.’’

त्यांनी फळी खाली ठेवली. ‘‘आणखी काय काय खोटं सांगितलंत?’’

‘‘सांगितलं काही नाही, लपवलं मात्र. नळ उलटा फिरवल्याशिवाय गरम पाणी येत नाही. वरचा माणूस भिंती पोखरतो, काल माझ्या नवऱ्यानं त्याला गप्पांत गुंतवलं होतं. आणि आमची आई तीन मजले उतरू शकत नाही. आठ दिवसांत घर गेलं नाही तर तिच्यासाठी बघितलेलं घरही जाईल.’’ बोलता बोलता माझा आवाज फुटला. गिऱ्हाईकासमोर मी कधी रडले नव्हते.

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे दुसरं गिऱ्हाईक नाही आणि तुम्हाला घाई आहे. मग भाव कमी करा.’’

मी कपाळावर हात मारला. सगळे पत्ते मीच उघडून बसले होते! ‘‘करते,’’ मी म्हटलं. ‘‘थोडा.’’

‘‘करा. पण मी घेतेच आहे. दोन वर्षांत दिवसाची अशी झोप लागली नव्हती मला.’’ आणि लगेच त्यांनी जीभ चावली. ‘‘हे आधी बोलायला नको होतं ना?’’

‘‘अजिबात नको होतं.’’

आम्ही दोघी हसत सुटलो. भट्टीजवळचा कारागीर ओरडला की पाव करपतायत. मी एक पैसा कमी-जास्त बोलायच्या आत त्यांनी पिठाचा हात पुढे केला आणि मी तो धरला.

पुढचे दिवस वाऱ्यासारखे गेले. नंबर टाकलेल्या फाइलचं नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं तोंडभरून कौतुक केलं, नवरा दोन दिवस तेवढंच सांगत होता. सह्या झाल्या, अंगठे उमटले. मास्तरांना आम्ही अठ्ठाविसाव्या दिवशी गाठलं.

सामान हलवायच्या दिवशी चार हमालांनी आईंना खुर्चीसकट खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर त्यांनी थांबायला लावून शेजाऱ्यांचा निरोप घेतला. नव्या घरी त्यांना बैठकीत बसवलं, किल्ली दिली आणि आम्ही दुसऱ्या खेपेला गेलो. तासाभरानं टेम्पो घेऊन आलो तर दाराला बाहेरून कुलूप.

हाका मारल्या, खिडकीतून डोकावलं. खुर्ची रिकामी. काठी नाही. नवरा एका दिशेला पळाला, मी दुसऱ्या.

कोपऱ्यावर भाजीच्या गाड्यापाशी त्या उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोमॅटो, आणि भाजीवाल्याला तो टोमॅटो कसा पिलपिलीत आहे ते समजावणं चालू होतं. केस वाऱ्यानं विसकटलेले.

‘‘आई! किल्ली द्या, सामान रस्त्यावर आहे.’’

‘‘मग राहू दे की जरा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अजून मला पलीकडची गल्ली बघायचीय.’’ आणि किल्ली कमरेला तशीच ठेवून काठी टेकत पुढे निघाल्या.

आम्ही आमच्याच घराबाहेर गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहिलो, आणि मला उठावंसं वाटेना.