एका घरातले दोन पंच नकोत

न्यायाधीश व्हायचं खूळ माझ्या डोक्यात कॉलेजपासूनचं. परीक्षा तीनदा दिली, तिन्ही वेळा आपटलो. मग २००३ साली पेपरात वाचलं, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अठरा न्यायाधीश चक्क मतदानानं निवडले. म्हटलं, हे आपल्या सोयीचं! कोल्हापूरच्या कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये चौकशी केली तर कळलं, आपला देश त्या न्यायालयाच्या करारातच नाही, म्हणजे आपला माणूस उभाच राहू शकत नाही. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. जसं काही देश करारात असता तर पहिलं नाव ॲडव्होकेट प्रसेनजीत यांचंच, म्हणजे माझंच, गेलं असतं!

पण त्या निवडणुकीनं मला झपाटलं. नेट कॅफेत बसून तिचे नियम वाचून काढले. सभासद देशांनी नावं सुचवायची, मतंही त्यांनीच द्यायची. दोन तृतीयांश मतं मिळेपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या; मतदान न्यूयॉर्कात झालं, तिथं तेहतीस झाल्या. चिठ्ठीवर अमुक इतक्या बायकांना आणि जगाच्या प्रत्येक भागातल्या अमुक इतक्या उमेदवारांना मत हवंच, नाहीतर चिठ्ठी बाद. आणि एका देशाचे दोन न्यायाधीश नकोत. आलेच तर जास्त मतं ज्याला, तो राहणार. हे सगळं मी बायकोला, संघप्रियाला, जेवताना ऐकवायचो. ती अंगणवाडीत असते, तिला कलकलाटाची सवय आहे.

२००७ साली गावोगाव तंटामुक्तीच्या समित्या निघाल्या. राधानगरी रोडवरच्या आमच्या गावचे सरपंच पिराजी आण्णा म्हणाले, "वकीलसाब, हात वर करून नऊ पंच निवडू आन् च्या पिऊन घरला जाऊ की."

"आण्णा, पंच म्हणजे गावचे न्यायाधीश," मी म्हटलं. "जगात निवडतात तसे निवडू."

खरं सांगतो, हात वर करायला लावले असते तर आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीबाहेर माझ्यासाठी दहा हातसुद्धा वर झाले नसते. त्याला जात हे एकच कारण नव्हतं, माझी भाषणंही होती. म्हणून मी नियम केला: प्रत्येक चिठ्ठीवर प्रत्येक गल्लीतल्या एकाला तरी मत हवंच. आमच्या गल्लीतनं उभा मी एकटाच. म्हणजे अख्ख्या गावानं झक मारत मला मत द्यायचं! शिवाय चिठ्ठीवर चार बायका हव्यात, आणि एका घरातले दोन पंच नकोत. हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं आणि पंचाच्या खुर्चीत बसायला नवा काळा कोट शिवायला टाकला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी बघतो तर बायका तीनच. चौथी मिळेना. मी घाईघाईनं संघप्रियाचं नाव घातलं. नावापुरतं, म्हटलं.

आता तुम्हीच हिशोब करा, मी तर केला नव्हता. चिठ्ठीवर चार बायका हव्यात आणि बायका उभ्या चारच. म्हणजे प्रत्येक चिठ्ठीवर तिचं नाव आलंच! आणि ती आमच्याच गल्लीची, तेव्हा गल्लीचा नियमही तिच्यावरच भागला. उमेदवार कमी असतील तर हा आकडा निम्म्यावर आणायची सोय न्यूयॉर्कच्या नियमांत होती. ते पान मी कंटाळून सोडलं होतं.

शाळेच्या पटांगणात मोजणी झाली. चिठ्ठ्या दोनशे बारा. संघप्रिया दोनशे बारा. मी सत्त्याण्णव.

"दुसरी फेरी!" मी ओरडलो. "तेहतीस झाल्या तरी बेहत्तर!"

पिराजी आण्णांनी भिंतीकडं बोट केलं. "एका घरातलं दोन न्हाय, वकीलसाब. तुमीच लावलंयसा."

मी बायकोच्या कानाशी लागलो. "माघार घे."

"का म्हणून?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "निवडून आलेला न्यायाधीश आपल्या देशाचंबी ऐकत न्हाय, असं सांगतासा न्हवं? मग मी घरचं का ऐकू?"

गाव खो खो हसलं. मीही हसल्यासारखं केलं, पण आतनं जळत होतो.

नऊ पंच बसले, तोच मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी इमामबी पुढं आली. "पैली तक्रार माझी. शेजाऱ्यानं माझ्या वाटंवर भिंत घातली. तीन वर्सांमागं वकीलसाबांना मोजणीचा नकाशा दिला, दावा घाला म्हटलं. तवापास्नं म्हंत्यात, तारीख पडलीया. परवा कोर्टात इचारलं, तर असला दावाच न्हाय!"

माझी कानशिलं तापली. आज घालू, उद्या घालू म्हणत मी दावा घातलाच नव्हता, आणि मग लाजेनं तारखा सांगत गेलो. गावात वकील म्हणून जे काही नाव होतं, ते आता जाणार. सुटायला एकच वाट दिसली.

"पंचाला स्वतःच्या नवऱ्याविरुद्धची तक्रार ऐकता येत नाही," मी म्हटलं. "जगात कुठंही नाही."

"बरोबर हाय," म्हणत संघप्रिया खुर्चीवरनं उठली. मला हायसं वाटलं. ती खाली उतरली, माझ्यापुढनं गेली आणि इमामबीशेजारी उभी राहिली.

"बाकीचे आठजण ऐकतील," ती म्हणाली. "माझं नाव साक्षीदारात घाला. नकाशा आमच्या कपाटात हाय. मी बघितलाय."

"काय म्हणणं, वकीलसाब?" पिराजी आण्णांनी विचारलं.

मी इमामबीकडं बघितलं. "दावा घातलाच न्हाई," म्हटलं.