पाटावरची पूजा

लोहाऱ्यात चन्नम्माच्या गुडघ्यांवर सल्ला दिला नाही असा माणूस सापडणं कठीण. कुणी निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला, कुणी भिजवलेल्या मेथ्या. शेजारची कडूबाई तर छातीठोकपणे सांगायची, ‘‘चालू नका, वाटीतलं वंगण सरतं.’’ तिचं ऐकून चन्नम्मानं वर्षभर चालणं सोडलं आणि पायांतली होती नव्हती ती ताकदही घालवून बसली. मग डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरून नेमकं उलटं सांगितलं. रोज चाला, खुर्चीत बसून पाय सरळ उचला, मांड्यांत बळ आणा, आणि जमिनीवर बसणं बंद. बाकी सगळं तिनं मान्य केलं. शेवटच्या गोष्टीवर मात्र तिचं डोकं फिरलं.

कारण होतं इष्टलिंग. लहानपणी दीक्षा झाल्यापासून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन, पाटावर बसून पूजा केल्याशिवाय तिनं कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. मुलानं, राजशेखरनं, खुर्ची आणून दिली तर म्हणाली, ‘‘देवाम्होरं खुर्चीत बसू? म्या काय तहसीलदार हाय?’’ आपली पूजा आपण, पाटावर, मरेपर्यंत. एवढी एकच गोष्ट तिची म्हणून उरली होती, आणि तीही हे मेले गुडघे हिसकावून घेत होते.

मांडी आता पडतच नव्हती, एक पाय लांब सोडून बसावं लागे. बसणं कसंबसं जमायचं. उठवायला मात्र सून श्रीदेवी लागायची, आणि तीही न्हाऊन आलेली. बिनआंघोळीच्या माणसानं पूजेत शिवायचं नाही, हा चन्नम्माचा कायदा. आपल्या लिंगायत धर्मात असला विटाळ नसतो, असं मठाच्या स्वामींनी सांगून पाहिलं होतं. पण स्वामी राहणार मठात, घर चालवायचं चन्नम्माला!

त्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलं. घरात होतं तेवढं चन्नम्माच्या आंघोळीला संपलेलं. श्रीदेवी मोटार लावून बाहेर बॅरल भरत बसली. इकडे विभूती लावून झाली, बेल वाहून झाला, पूजा संपली. आता लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घालायचं. पण सकाळच्या वेळी बोटांचे सांधे सुजून ताठ झालेले. गाठ काही बसेना. वस्त्र पुन्हा पुन्हा निसटून मांडीवर पडू लागलं. लिंग जमिनीवर ठेवता येत नाही, आणि ते हातात असेपर्यंत उठता येत नाही, कारण उठायला दोन्ही हात टेकावे लागतात.

‘‘श्रीदेवीऽ!’’

मोटारीच्या आवाजात कोण ऐकतंय. गुडघ्यात खिळा ठोकल्यागत होऊ लागलं. चन्नम्मा चिडली. गुडघ्यांवर, कडूबाईवर, नळावर आणि खरं सांगायचं तर देवावरही. जन्मभर ज्याला तळहातावर वागवलं त्याला एवढंही कळू नये? तिला रडू फुटलं, नुसतं रागाचं रडू.

मोटार थांबली तेव्हा कुठं हाक ऐकू गेली. श्रीदेवी ओल्या साडीनं धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

‘‘आत्याबाई, माझी आंघोळ न्हाय झाली. दोन तांबे अंगावर घेऊन आलेच.’’

आणि ती खरंच न्हाणीकडे वळली! इतकी वर्षं घोकवून घेतलेला धडा पोरीला पुरता पाठ झाला होता. चन्नम्माला स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

‘‘अगं ये की तशीच!’’

‘‘पर लिंग हातात हाय तुमच्या.’’

‘‘व्हय, हातातच हाय. त्याचं आसन माझा तळहात. म्या पाटावर बसले का उकिरड्यावर, त्याला काय घेणं? चल, गाठ मार.’’

बोलून गेल्यावर चन्नम्माला कळलं, आपण काय बोललो ते. श्रीदेवीनं चिखलाचे हात पदराला पुसले, वस्त्राची गाठ मारली, ते सासूच्या गळ्यात घातलं. मग काखेत हात घालून तिला उचललं. दोघी खांबाला धरून धापा टाकत उभ्या राहिल्या.

‘‘उद्या इथं खुर्ची मांड,’’ चन्नम्मा म्हणाली. ‘‘अन् तोंड वाकडं करू नको. म्या हरले न्हाय.’’

श्रीदेवीनं तोंड वाकडं केलंच नव्हतं. ती डोळे पुसत होती. चन्नम्माला त्याचाच जास्त राग आला.