आमच्याकडे लाइन चालूच दिसतेय

आमच्या ह्यांना बोलायला विषय लागत नसे. उभं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेलं. रुमाल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडद्याचं कापड मारून, वर त्याच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करून त्याला हसतमुखाने वाटेला लावणारा हा माणूस घरी आल्यावरही थांबायचा नाही, आणि माझ्या शिवणयंत्राची खडखड चालू असली तरी आवाज चढवून मला दुकानातल्या गमती सांगत राहायचा. एका सकाळी दाढी करता करता ह्यांचा हात खाली आला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. इस्पितळातून परत आल्यावर हात सुधारला, पाऊल पडू लागलं, पण बोलणं काही आलं नाही. ओठ हलत, घशातून घरघर येई, डोळे माझ्यावर खिळलेले असत, आणि ह्यांना काय हवंय ते मला कळत नसे.

डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते, की वाचा परत यायची असेल तर ती सुरुवातीच्या काही महिन्यांतच येते, नंतर आशा धरू नका. आमच्या गावात पुन्हा बोलायला शिकवणारं कुणी नव्हतं. दूरच्या शहरातल्या एका बाईंनी संगणकावरून शिकवायचं कबूल केलं, म्हणून घरात इंटरनेटची लाइन घेतली. तास दुपारचा, चहाच्या आधी. मी ह्यांचे केस विंचरून, निळा स्वेटर चढवून पडद्यासमोर बसवायची आणि शेजारी स्टूल ओढून बसायची. पडद्यावर बाई यायच्या, ‘काय, कसं काय?’ म्हणायच्या, आणि त्यांचं बोलणं पुरतं व्हायच्या आत भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीचा हिरवा दिवा लाल व्हायचा, पडदा काळा पडायचा. दिवसभर ठणठणीत असलेली लाइन नेमकी त्याच तासाला मान टाकायची आणि तास संपला की पुन्हा सुरू व्हायची.

तक्रारीच्या नंबरावर आधी यंत्र बोलायचं, मग गाणं वाजायचं, मग एक मुलगी यायची.

“मॅडम, आमच्याकडे लाइन चालूच दिसतेय.”

“अहो, इथे लाल दिवा लागलाय. मी त्याच्याकडेच बघतेय.”

“डबी बंद करून परत चालू करून बघा, मॅडम.”

“केली. तुम्ही म्हणाल तर अख्खं घर बंद करून परत चालू करते.”

ती हसली नाही. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला, की आपली अडचण दूर झाली असून तक्रार बंद करण्यात येत आहे. अडचण माझ्याशेजारी मान खाली घालून बसली होती.

खूप भांडल्यावर लाइनमन आला. किडकिडीत, घाईतला माणूस. शिडी भिंतीला टेकवायच्या आधीच त्याने निम्मं काम उरकल्यासारखं वाटायचं. त्याने तारेची टोकं कापून नवी बसवली, डबी बदलली, आणि जाताना बजावलं, “ताई, ही तार म्हणजे केसाएवढी काच असते. दुमडू नका. दुमडली की आतला उजेड सांडतो.” दुसऱ्या दिवशी बाई दिसल्या, ‘काय, कसं काय?’ म्हणाल्या, आणि दिवा लाल झाला. त्यानंतर तो आणखी दोन-चारदा आला, दर वेळी काहीतरी बदलून गेला, आणि दर वेळी तेच घडलं.

मग एके दिवशी तास संपायच्या वेळेला बाईंचाच फोन आला. त्यांचा आवाज खुशीत होता.

“म्हटलं, तुम्हाला मुद्दाम सांगावं. काय सुधारलेत हो! आज सगळी वाक्यं पुरी केली. मध्येच उठून खिडकीसुद्धा लावली, वारा लागतोय म्हणाले.”

बाईंचा दुसऱ्याच कुठल्या पेशंटशी घोटाळा झाला असणार असं मला वाटलं. “आमची लाइन बंद होती, बाई. सुरुवातीलाच गेली. हे इथे डुलक्या घेतायत.”

बाईंनी उलट विचारलं, “निळा स्वेटर घातलाय ना त्यांनी?”

“हो.”

“मग? आणि तुम्ही शेजारी स्टुलावर. केस मोकळे सोडून. तुम्ही कधी काही बोलत नाही, म्हणून तर फोन केला.”

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. केस नेहमीसारखे घट्ट बांधलेले होते. खिडकीकडे पाहिलं, तर ती सताड उघडी होती.

“तासाचं चित्र घेऊन ठेवता का तुम्ही? मला दाखवाल?”

“नाही हो, पेशंटचं चित्रण करायचं नाही असा आमचा नियम आहे.”

“पण बोलतात तरी काय हे?”

“बरंचसं तुमच्याबद्दलच. फार काळजी वाटते त्यांना.”

“माझी? मला काय धाड भरलीय?”

बाईंनी घाईने उद्याच्या तासाची आठवण केली आणि फोन ठेवला.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग, आणि रागाच्या तळाशी चक्क मत्सर. ज्या आवाजासाठी मी रात्रंदिवस ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, तो एक परकी बाई दूर कुठेतरी बसून रोज ऐकत होती, आणि मी ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसत होते. मी पुन्हा तक्रारीचा नंबर लावला आणि लाइनमनने ऐन तासाच्या वेळेलाच यावं असं बजावलं.

तो आला. लाल दिवा पाहिला, खिशातून मोबाइल काढून कंपनीकडची नोंद पाहिली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “ताई, हे काहीतरी भलतंच आहे. या तासाला दोन्ही बाजूंनी लाइन जोरात चालतेय. दिवसभरात तुमची लाइन सगळ्यात चांगली चालते ती आत्ताच.” त्याने डबीतून तार उपटली, मोकळं टोक हातात धरलं आणि ऑफिसला फोन लावला. “आता बघ रे. गेली ना?” पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. लाइनमनने हातातल्या टोकाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि फोन ठेवला.

“मी आख्खी तार नवी टाकतो,” तो म्हणाला. “मागच्या खांबावरून, मागच्या भिंतीने. जुनीचा संबंधच नको.” चहा नको म्हणाला. घाई त्याला नेहमीचीच, पण त्या दिवशी तो बोलता बोलता सारखा दाराकडे सरकत होता. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने नवी तार टाकली आणि जुनी गुंडाळून बरोबर घेऊन गेला.

लाइन सुधारली. दिवा हिरवाच राहिला, बाई दिसत राहिल्या, स्वच्छ आणि जवळ, आणि त्यांचा उजळलेला चेहरा ह्यांना पाहता पाहता विझत गेला. “आज बरं नाही का त्यांना?” त्यांनी विचारलं. कपाचं चित्र समोर धरलं, घराचं धरलं, खुर्चीचं धरलं. हे बघत होते. घशातून घरघर आली आणि मान खाली गेली. पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आठवड्याच्या शेवटी बाई चष्मा काढून म्हणाल्या, “वाईट वाटतं सांगताना. इतकी घसरण मी कुणाची पाहिली नाही. जे आलं होतं तेही गेलं. तुमच्या डॉक्टरांशी बोलले मी, मुदतही संपत आलीय. उद्याचा तास घेऊ आणि थांबू.”

मी त्यांना काय सांगणार होते? हे होते तस्सेच होते. घसरला होता तो दुसराच कुणीतरी, पूर्ण वाक्यं बोलणारा, वारा लागल्यावर खिडकी लावणारा, आणि त्याला मी भांडून भांडून, दिवसाआड तक्रार करून, स्वतःच्या हाताने घरातून घालवलं होतं. मला माझा नवरा बोलायला हवा होता. तो कुठून बोलतो, कुणाशी बोलतो, हे मी कशाला विचारत बसले?

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना निळा स्वेटर घातला, केस विंचरले, पडद्यासमोर बसवलं. बाई दिसल्या. मी त्यांना ‘एक मिनिट’ म्हटलं, भिंतीपाशी गेले, नवी तार दोन्ही हातांत धरली आणि करकचून दुमडली. इतकी दुमडली की आत काहीतरी बारीकसं मोडलेलं बोटांना जाणवलं. दिवा लाल झाला. पडदा काळा पडला. ह्यांनी मान वर केली नाही.

मी मोबाइलवरून बाईंना फोन लावला. “दिसतंय का काही?”

“दिसतंय की!” बाईंचा आवाज एकदम उजळला. “अहो, आज परत बोलतायत. छान बोलतायत!”

“तुमचा फोन तिथे संगणकापाशी धरा. मला ऐकू दे.”

“पण तुम्ही तर शेजारीच...”

“धरा हो. पाया पडते तुमच्या.”

मी मोबाइल कानाशी दाबून स्टुलावर बसले. दुसऱ्या हातात ह्यांचा हात घेतला. तो ऊबदार होता, ढिला होता. आधी खरखर ऐकू आली, आणि मग ह्यांचा आवाज. तोच, दुकानातला, भरदार, शब्दाशब्दाला हसू चिकटलेला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

“...नाही, तशी त्रास देत नाही,” हे सांगत होते. “घास भरवला की खाते. दिवसभर यंत्रावर बसते. दोरा ओवत नाही, कापड घेत नाही, नुसतं चाक फिरवत राहते. मी किती बोलतो तिच्याशी, बाई, पण तिच्यापर्यंत पोचतच नाही.”

“अहो!” मी ओरडले. “मी इथेच आहे! ऐकतेय मी!”

माझ्या हातातला हात तसाच ढिला होता.

“ते बघा, ओठ हलवतेय,” फोनमधला आवाज हळूच म्हणाला. त्यातलं हसू आता गेलं होतं. “आणि तो हात बघा तिचा. रोज या वेळेला हे असंच. हातात काहीसुद्धा नसतं, बाई, तरी कानाशी धरून बसते.”