न बघता केलेली सही

इन्सुलिनची सुई टोचण्याआधी दुसऱ्या नर्सने ती डोळ्यांनी बघायची आणि मगच सही करायची, हा वॉर्डचा नियम. पण सुई वॉर्डातल्या सर्वांत जुन्या नर्स, ताईंनी भरलेली असली की कुणी बघत नसे. तीस वर्षं या कामात काढलेल्या बाईचा हात तपासायचा म्हणजे तिचा अपमानच, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वॉर्डात सगळ्यांत नवी, म्हणून जिला सगळे धाकटी म्हणत, तिनेही सकाळी न बघता सही ठोकली. ताईंनी तिला हाताला धरून शिकवलं होतं, ती कसली बघतेय.

साडेनऊला, तीच सुई टोचलेले खाटेवरचे आजोबा घामाने चिंब, शुद्ध हरपलेली. साखर पार खाली. ग्लुकोज चढवल्यावर ते बोलायला लागले, तेव्हा ताईंनी धाकटीला चादरींच्या खोलीत ओढलं.

"सहा युनिटऐवजी सोळा भरलं गं मी. त्यांनी नाश्ता केला नव्हता, असं डॉक्टरांना सांगितलंय. तू तोंड उघडू नकोस. सही तुझीही आहे."

धाकटीच्या नोकरीला जेमतेम आठ महिने झाले होते.

दोघी परतल्या तर खाटेशी डॉक्टर आणि आजोबांची मुलगी.

"बाबा, खरं सांगा, खाल्लं होतं का?"

"खाल्लं गं. दोन टोस्ट, अंडं."

"सिस्टर म्हणतात, ताट तसंच होतं." मुलगी डॉक्टरांकडे वळली. "हे एकटे राहतात. खाल्लं की नाही हेच आठवत नसेल तर कुणाच्या भरवशावर घरी पाठवू?"

"स्मृतीची तपासणी करू," डॉक्टर म्हणाले. "तोवर घराची किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

आजोबांनी ताईंकडे पाहिलं, मग धाकटीकडे. रिकामं ताट तिनेच उचललं होतं. ती ग्लुकोजची बाटली बघू लागली.

"नसेल खाल्लं," आजोबा पुटपुटले. "कालचं आठवत असेल मला."

धाकटीला स्वतःची शरम वाटली. ती डॉक्टरांकडे वळली.

"आजोबांनी खाल्लं होतं. ताट मी उचललं. इन्सुलिन सहाऐवजी सोळा गेलं. मी सुई न बघता सही केली."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. मुलगी धाकटीच्या अंगावर धावून जाणार, तोच आजोबांनी मुलीचा हात धरला. ते रडत होते.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे," ते धाकटीला म्हणाले. "फार उपकार झाले, पोरी."

धाकटीला त्यांच्यासमोर उभं राहवेना.