रक्तपारखी बाबा आणि भिंगरीचे हात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढले, कठडे संपले तेव्हा एकमेकांच्या पायांवर उभे राहिले. मला माझ्या जाऊबाईंनी हाताला धरून ओढत आणलं होतं. "शाळेत विज्ञान शिकवतेस ना? मग चल, बघ, आणि सांग काय खोटं आहे ते," त्या म्हणाल्या. सूर असा, की मी आधीच हरले आहे.

स्टेजवर पांढऱ्या चादरीवर काचेचे दोन वाडगे. मागे सिंहासनासारख्या खुर्चीत रक्तपारखी बाबा. हे नाव लोकांनीच दिलेलं. बाबांच्या शिष्याने एका चकचकीत बरणीतून दोन्ही वाडग्यांत पाणी ओतलं. स्वच्छ, नितळ.

"पाणी खोटं बोलत नाही!" बाबा कडाडले. "माणूस बोलतो, कागद बोलतो, पाणी नाही! या, कोणीही या. हात मात्र घासून, स्वच्छ करून या, म्हणजे मागून कुरकुर नको की मळ होता म्हणून!"

आधी नगराध्यक्ष गेले. ते टेकडीवरचे. हात बुडवला, पाणी तसंच नितळ. टाळ्या. मग धुलाई कारखान्याचा मुकादम गेला. तो ओढ्याकाठचा. भला, मान खाली घालून चालणारा माणूस. त्याने हात बुडवला आणि बोटांच्या भोवती पाणी डाळिंबी व्हायला लागलं. बघता बघता अख्खा वाडगा लाल. बायकांनी तोंडावर हात ठेवले. मुकादम स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

आमच्या गावात माणसं दोन प्रकारची. टेकडीवरचे आणि ओढ्याकाठचे. घरात बोलायची भाषा वेगळी, आडनावं वेगळी, पूर्वज कुठून आले त्याच्या गोष्टी वेगळ्या. टेकडीवर दुकानं, कचेऱ्या, दवाखाना, शाळा. ओढ्याकाठी धुलाई कारखाना, तिथे कोरं कापड सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतात, आणि धुणारे सगळे ओढ्याकाठचेच. मीही टेकडीवरचीच, हे आधीच सांगून टाकते.

"एकच गाव," बाबा सांगत होते, "एकच ऊन, एकच वारा! मग टेकडीवर घरटी एक पदवीधर, आणि ओढ्याकाठी पोरं शाळा सोडतात ती का? इथली म्हातारी नव्वदीत सुई ओवते, तिथली बाई पन्नाशीत काठी धरते ती का? तिथे पाळणे लवकर रिकामे होतात ते का?"

"नळाला पाणी नाही आमच्याकडे!" मागून एक जण ओरडला.

"पाणी? अरे बाळा, पाणी तर हे काय समोर आहे!" बाबांनी लाल वाडगा उचलून दाखवला. सगळा हॉल हसला. ज्याने विचारलं होतं तोसुद्धा ओशाळून हसला.

बँकेतला एक कारकून पुढे गेला. जन्माने ओढ्याकाठचा, पण आता बिऱ्हाड टेकडीवर. त्याचं पाणी नितळच राहिलं. मला वाटलं, आता बाबांची पंचाईत. छे! "बघा, टेकडीची हवा लागली, रक्त सुधारायला लागलं!" पुन्हा टाळ्या. अशा माणसाला कोंडीत पकडणं म्हणजे पाऱ्याची गोळी चिमटीत धरणं.

ते लाल पाणी काय असेल हे मला तिथेच कळलं होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्याची बाटली आहे. एक रंगदर्शक रसायन. साध्या पाण्यात त्याला रंग नसतो, आणि सोडा, चुना असलं काही लागलं की लालगुलाबी. पण ओढ्याकाठच्यांच्याच हाताला ते नेमकं कसं कळतं? शिष्य गुपचूप काही टाकत असेल म्हणून मी त्याच्या बोटांवरून नजर हलवली नाही. त्याने काहीही टाकलं नाही. जाऊबाई कोपराने ढोसत होत्या, "काय मग, विज्ञानबाई?"

शेवटी उपाय सांगितला गेला. दूषित रक्ताचं दूध होतं आणि दुधातून दोष लेकरात उतरतो. म्हणून ओढ्याकाठच्या आयांनी अंगावर पाजू नये. त्याऐवजी बाबांचं शुद्धिजल द्यावं. मी ते नंतर चाखून बघितलं, साखरेचं पाणी होतं.

पुढच्याच रांगेत एका बाईने मांडीवरचं बाळ छातीपासून दूर केलं आणि आडवं धरलं. तिने मान वळवली तेव्हा मी ओळखलं. भिंगरी.

भिंगरी माझी विद्यार्थिनी. जागेवर म्हणून बसायची नाही, सारखी हात वर करून उठायची. "बाई, असं का? बाई, तसं का नाही?" सगळा वर्ग वैतागायचा आणि माझा दिवस चांगला जायचा. आठवीनंतर तिला कारखान्यात लावलं. मी तिच्या बापाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तो म्हणाला, "बाई, घरात सहा तोंडं आहेत. तुम्ही सांगा, कुठलं बंद करू?" त्या रंगदर्शकाचा धडा नंतरच्या वर्गात येतो. तो तिने कधी वाचलाच नाही.

काही दिवसांनी कानावर आलं की भिंगरीची मुलगी सुकत चाललीय. शाळा सुटल्या सुटल्या मी ओढ्याकाठी उतरले.

एक खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात दोरीवर वाळत घातलेले बाळाचे कपडे. नळ गल्लीच्या तोंडाशी, तो सकाळी तासभर येतो. ओढा दारातच आहे, पण कारखान्याचं पाणी त्यातच सोडतात, कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही. बाळ गोधडीवर होतं. डोळे मोठे, टाळू खोल गेलेली, रडायचं सोडून नुसतं कण्हत होतं.

"भिंगरे, अगं काय करून ठेवलंस हे? पाज तिला!"

"नाही बाई." तिने शांतपणे सांगितलं. "माझ्यातला दोष तिला नको. माझ्या आईची तीन गेली. सासूबाईंची दोन. आम्हाला वाटायचं नशीब. आता निदान कारण तरी कळलं."

"कारण? ते साखरपाणी विकणारं सोंग तुला कारण सांगणार?"

"तुम्हीच शिकवलंत ना बाई? डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानायचं नाही म्हणून. मी बघितलं की. तीन दरबारांत तीनदा हात बुडवला. पहिल्यांदा लाल झालं तेव्हा म्हटलं, हात नीट धुतले नसतील. दुसऱ्यांदा घासून गेले. तिसऱ्यांदा तर कातडं निघेस्तोवर घासले. तर बाई, आधीपेक्षा जास्त लाल."

"घासले कशाने गं?"

"कशाने म्हणजे? सोड्याने." तिने कोनाड्यातला डबा दाखवला. कारखान्यातला सोड्याचा चुरा कामगारांना फुकट घरी नेऊ देतात. "आम्ही कुठे टेकडीवर जायचं म्हटलं की सोड्यानेच घासतो हात. नाहीतर दुकानदार वस्तू हातात देत नाही, लांबून ठेवतो."

"आणि मग? खळखळून धुतलेस?"

"संध्याकाळचं पाणी कुठून आणू? फडक्याने पुसले."

मी तिचा हात माझ्या हातात घेतला. तळव्याला चिरा, बोटांच्या पेरांना चिरा, आणि चिरांमध्ये पांढरी बारीक पूड. ही माणसं जन्मभर ऐकत आलीत की तुम्ही घाण आहात. म्हणून बाबांकडे जाताना त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त हात घासले. आणि जितके जास्त घासले तितकं पाणी जास्त लाल झालं. त्या हरामखोराने आधी कारखाना बघून घेतला असणार, तेव्हाच तर "हात घासून या" हे पालुपद.

मी तिला सगळं सांगितलं, घाईघाईत, अर्धं रडत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुम्ही मनाने चांगल्या आहात. पण तुम्ही टेकडीवरच्या. तुमचं पाणी नितळच राहणार."

"बरं, माझं मानू नकोस. दवाखान्यात तर चल!"

चुलीपाशी बसलेल्या तिच्या सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण भिंगरी उठली. आम्ही टेकडी चढून गेलो. बाळ माझ्या हातात होतं, त्याला वजनच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावायला शीर शोधली, ती सापडता सापडेना. "इतके दिवस काय पाजत होता?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खिडकीत आलेलं असताना, मुलगी गेली. तिचं नाव ठेवायचंसुद्धा राहिलं होतं.

ओढ्याकाठी लोक जमले आणि हळू आवाजात एकच बोलत होते. "बाबा म्हणाले तेच खरं. रक्तच तसलं." पाळणा रिकामा झाला, आणि तोही बाबांचाच पुरावा ठरला. त्याच दिवशी गल्लीतल्या आणखी दोघींनी पाजणं बंद केलं, हे ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं.

बाबांच्या पुढच्या दरबारात मी शाळेतली बाटली, एक वाडगा, सोड्याचा डबा आणि पाण्याची मोठी कळशी घेऊन स्टेजवर चढले. जाऊबाई खालून ओरडल्या, "अगं ए, घराण्याची लाज आहे का काही!" मी म्हटलं, "आहे, म्हणूनच आले."

"माते, अश्रद्धेने चमत्कार रुसतो," बाबा गोड आवाजात म्हणाले.

"रुसू दे. त्याची समजूत मी काढते."

माझ्या वाडग्यात मी साधं पाणी ओतलं, बाटलीतले थेंब टाकले. नितळ. मग सगळ्यांसमोर सोड्याने हात घासले, फडक्याने पुसले आणि बुडवले. पाणी लाल झालं. तसंच डाळिंबी, तसंच बोटांभोवतून पसरत गेलेलं.

"माझे पणजोबा टेकडीवरचे," मी म्हटलं. "सकाळपर्यंत माझं रक्त उत्तम होतं. आत्ता काय झालं त्याला? ओढ्याकाठचे सोड्याने हात घासतात आणि पाणी नसतं म्हणून पुसतात. टेकडीवरचे नळाखाली धुतात. कारकुनाच्या घरी नळ आहे, म्हणून त्याचं पाणी नितळ. एवढंच आहे हे. वाडग्यात रक्त नाही, नळ दिसतोय! नगराध्यक्ष, या, तुमचे हात घासते."

नगराध्यक्षांना अचानक चपलेत काहीतरी टोचायला लागलं.

"ही माया आहे! हिच्या पूर्वजांत कुणीतरी—" बाबांनी सुरुवात केली, आणि तेवढ्यात मागून वाट करत भिंगरी आली. मी तिला बोलावलं नव्हतं. ती स्टेजवर चढली, हात पुढे केले आणि म्हणाली, "बाई, माझे धुवा."

मी कळशी ओतत राहिले. ती चोळत राहिली, पेरं, नखं, चिरा. कळशी संपली तेव्हा मुकादमाने धावत जाऊन दुसरी आणली. मग मी वाडगा नव्याने भरला, बाटलीतले थेंब टाकले, आणि भिंगरीने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले.

पाणी नितळ राहिलं.

ती वाट बघत उभी होती. खूप वेळ. पाणी नितळच. खाली गलका सुरू झाला, शिष्य बरणी उचलून पळाला, त्याच्या मागोमाग बाबाही मागच्या दाराने. कुणीतरी त्यांच्या मागे धावलं. तिला यातलं काही दिसत नव्हतं. हात पाण्यातच ठेवून तिने मान वर केली.

"बाई, म्हणजे माझं दूध चांगलं होतं?"

खोटं बोलावं असं मला वाटलं. देवाशप्पथ, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की एक खोटं सांगावं आणि हिला घरी न्यावं. पण खाली त्या दोघी बसल्या होत्या, सुकत चाललेली लेकरं मांडीवर घेऊन, आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"चांगलं होतं गं," मी म्हटलं. "अगदी चांगलं होतं."

तिने हात बाहेर काढले. ती किंचाळेल असं मला वाटलं, पण ती स्टेजच्या कडेला गेली आणि त्या दोघींना म्हणाली, "ऐकलंत ना? मग बघत काय बसलात? घ्या छातीशी. आत्ता घ्या." एकीने घेतलं. मग दुसरीने. भिंगरी तिथेच खाली बसली आणि तोंड ओंजळीत घालून रडली. मी तिच्या शेजारी बसले.

ही गोष्ट मी आता दर वर्षी वर्गात सांगते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानू नका, एवढंच पूर्वी शिकवायचे. भिंगरीने बघितलंच होतं की! म्हणून आता पुढचंही सांगते. बघितलंत, तर कशामुळे ते विचारा. हात बदलून बघा, पाणी बदलून बघा, मग माना. आणि कुणी म्हणालं की ती माणसं मागे पडली ती त्यांच्या रक्तामुळे, तर आधी त्यांच्या गल्लीत जा आणि नळ उघडून बघा.

ओढ्याकाठचा नळ अजून सकाळी तासभरच येतो. भिंगरी बायका घेऊन दर सोमवारी नगरपालिकेत जाऊन बसते आणि हात वर करून विचारते, "साहेब, असं का?"