एक्केचाळीस हजार दोनशे सहा

पडद्यावर प्रोग्राममधले एकोणचाळीस क्लास होते, त्यांच्यापासून बनणारे एकोणचाळीस तक्ते होते, आणि तळाला इशाऱ्याची एक लाल ओळ. आस्ताने सगळं दोनदा मोजलं आणि लाल ओळीखालच्या चौकटीत आकडा टाइप करायला घेतला. चार, एक, दोन.

एस्बियर्गच्या त्या पक्षी-नोंद केंद्रात डेटाबेसचे तक्ते कोणी हाताने बनवत नसे. पक्ष्याची नोंद कशी असावी ते क्लासमध्ये लिहायचं. त्यावरून घडलेली नोंद मग कोणाच्या बापाला बदलता येत नसे; रकानाच गेला तर मात्र पुसली जाई. तिचा जुना सहकारी प्रेबेन याने लिहिलेला जनरेटर नावाचा प्रोग्राम तो क्लास वाचून तक्ते आपले आपण उभे करी. मात्र एखादा रकाना जाणार असेल, तर तो अडून बसे. त्याच्याबरोबर किती नोंदी जातील तो आकडा हाताने लिहिल्याशिवाय पुढे सरकत नसे. आस्ताच्या टेबलावरच्या पिवळ्या चिठ्ठीत सोमवारचं पहिलं काम लिहिलेलं होतं: ही कटकट काढणे. प्रेबेनचा आज नोकरीतला शेवटचा दिवस होता.

शून्यावर तिचं बोट थांबलं. रकाना तिने काढलाच नव्हता. ‘पंख’ हे मोघम नाव बदलून ‘पंखाची लांबी’ केलं होतं, इतकंच.

"प्रेबेन, हा तुझा हट्टी म्हातारा काय म्हणतोय बघ. मी काही काढलेलं नाही."

खोकं भरता भरता प्रेबेन उठून आला. कपाळावरचा चष्मा त्याने खाली ओढला.

"नाव बदललंस?"

"नुसतं नाव."

"तुझ्यासाठी नुसतं. त्याला जुना रकाना गेलेला दिसतो आणि नवा आलेला. नवा म्हणजे रिकामा."

बॅकअप तीस दिवसच ठेवत. पंखांची मापं बघायला कोणी आलं असतं ते थेट हिवाळ्यात, बॅकअपही पुसून गेल्यावर. आस्ताने दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

"आकडा लिहायला लावायचं कसं सुचलं तुला?"

"सुचलं कसलं! तीन-एक हजार सुरय पक्ष्यांची वजनं घालवली मी. तेव्हा इथे नोंदी ठेवणाऱ्या इंगरने अख्खा हिवाळा वह्यांमधून ती परत भरली. एका शब्दाने बोलली नाही. फक्त विचारलं, ‘किती होती रे?’ मला सांगता येईना."

तो परत खोक्याकडे वळला. आस्ताने पिवळी चिठ्ठी उचकटून काढली, चारदा घडी घातली आणि खिशात टाकली. क्लासमध्ये एक ओळ वाढवली: पूर्वीचं नाव, पंख. मग कोट चढवून खाली बेकरीत गेली आणि गरम केक घेऊन आली.

चूक करणाऱ्याने सगळ्यांसाठी केक आणायचा, ही तिथली रीत.

"केक कशाला? चूक तर झाली नाही," प्रेबेन म्हणाला.

"झाली होती. तू वाटेत उभा होतास."

त्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"मग जास्त साखरेचा कोपरा माझा. आणि दाब आता ते बटण, केक गार होतोय."

तिने बटण दाबलं. गेलेले रकाने शून्य. नाव बदललेले रकाने एक. पंखांची मापं आधी ४१,२०६, नंतर ४१,२०६.